डब्लिनहून आई-बाबांस

ती. आई-बाबांस शि. सा. नमस्कार.

मी खुशाल आहे. खोकला गेला, दोन्ही वेळचं नीट जेवते, खोलीत हीटर चालतो. फोनवर सांगितलंय, तरी आईसाठी परत.

आधी त्या फोनचंच. आई, तू दादाला म्हणालीस म्हणे, की मनू हल्ली ‘बाय बाय बाय’ करून फोन तोडते. अगं, ती घाई नव्हे, इथली रीत लागलीय मला. इथे एकदा बाय म्हणून कुणी फोन ठेवत नाही. पहिला बाय जरा लांबवायचा, मग समोरचा लांबवणार, मग दोघंही एकदमच बायबायबायबाय, आवाज बारीक होत जातो आणि फोन कानापासून निघाला तरी तोंड चालूच. एकाच बायवर ठेवला तर समोरच्याला वाटतं, हिला राग आला की काय. बँकेतली बाईसुद्धा असंच करते. शेवटचा बाय कुणाचा, हे मात्र मला अजून उमगलेलं नाही. तेव्हा जितके बाय जास्त तितकी माया जास्त, असं धरून चाल.

आता बाबा. ‘चित्रं काढायला गेलीस की आसनं करायला?’ हे तुम्ही हसत विचारलंत, पण मला लागलं थोडं. गच्चीवर पहाटे उठवून सूर्यनमस्कार कुणी घालायला लावले?

इथे डब्लिन कॅसलच्या आवारात चेस्टर बीटी संग्रहालय आहे. प्रवेश फुकट, म्हणजे पैसे उडवत नाहीये. त्यांच्याकडे ‘बहर-उल-हयात’ नावाची फारसी पोथी आहे, योगावरची. आणि ग्रंथ कुणाचा? आपल्या ग्वाल्हेरच्या हजिऱ्याच्या सूफी संताचा, मोहम्मद घौसांचा! तानसेन समारोहाला आपण ज्यांच्या मकबऱ्याच्या आवारात शाल गुंडाळून बसायचो, तेच. (तिथला चिंचेचा पाला तुम्ही मला गळा सुधारेल म्हणून चघळायला लावायचात. नाही सुधारला.) घौसांनी १५५० च्या सुमारास ‘अमृतकुंड’ हा योगावरचा जुना ग्रंथ फारसीत आणला, तोच हा ‘बहर-उल-हयात’, आणि १६०० ते १६०४ च्या दरम्यान अलाहाबादेत शहजादा सलीमसाठी, म्हणजे पुढच्या जहांगीरसाठी, त्याची सचित्र प्रत झाली. आसनं अशी ओळीनं चित्रांत दाखवणारी याहून जुनी पोथी अजून सापडलेली नाही म्हणतात. ग्वाल्हेरचं माणूस माझ्याआधीच इथे पोचलंय, मग मी एकटी कशी?

जुने कागद उजेडानं खराब होतात, म्हणून पानं कायम मांडलेली नसतात. पण २०१३ मध्ये वॉशिंग्टनला योगाच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन झालं, त्याचं पुस्तक लायब्ररीतून आणलंय. त्यात या पोथीतलं गर्भासन आहे: डोकं गुडघ्यांत, हात कानांवर, श्वास कोंडलेला. बाबा, श्वास तर काढता येत नाही. काढता येतो तो श्वासानं बदललेला देह, आणि तो त्या चिताऱ्याला दिसला होता. मांड्यांवरचं वजन, पाठीचा बाक, सगळं भरीव आहे, नक्षी नाही.

मी तेच करून बघते. सकाळी वृक्षासन केलं की लगेच कागदावर बसते, आरशात न बघता. जिथे भार आला ते मोठं काढायचं. मग तळवा परातीएवढा होतो, अंगठा जमिनीत रुतलेला, आणि डोकं कुठेतरी वर लहानसं. वर्गातल्यांना ते गमतीदार वाटतं, मला खरं वाटतं. रेघेचंही तसंच. लांब रेघ रेचकात, श्वास सोडताना, ओढली की सरळ वाहते. श्वास कोंडून ओढली की मनगट आखडतं, रेघ मेलेली निघते. तुम्ही मोजून घेतलेलं पूरक-कुंभक-रेचक असं वसूल होतंय. आणि हे माझंच खूळ नाही. जर्मनीत बाउहाउस नावाच्या कलाशाळेत १९१९ पासून योहानेस इटेन नावाचे मास्तर वर्गाची सुरुवात श्वासाच्या व्यायामानं करायचे. त्यांचा पंथ वेगळा होता, योग नव्हे, पण मुद्दा तोच. बाकी योगाची चित्रं म्हणून कमळं आणि सातरंगी चक्रं बाजारात विकतात ना, ती मला जमत नाहीत आणि जमवायचीही नाहीत.

राहिलेलं एकदम लिहिते. या महिन्यापासून पैसे थोडे कमी येतील. नोकरी सुटलेली नाही! दोन दिवस कमी केलेत आणि चौघांत मिळून स्टुडिओ घेतलाय. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे ठरल्याप्रमाणे देणार, त्यात काटछाट नाही. इंदूरच्या मुलाशी बोलले. चांगला आहे, बोलतोही छान, पण ‘लग्नानंतर छंद म्हणून चालू ठेवा की’ म्हणाला, तेव्हा नकोच. पुण्याच्या आत्याला मी वेगळं लिहिते, स्थळ तिनं आणलेलं, तिला वाईट वाटणार.

बाबांच्या मोतीबिंदूची तारीख ठरली की कळवा. येते असं म्हणत नाही, तिकिटांचे भाव बघून ठेवलेत. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी नक्की. थेंब घालायच्या वेळा दादाला लिहून फ्रिजवर लावायला सांग, आई, आणि बाबा, डॉक्टर हो म्हणेपर्यंत शीर्षासन बंद, खाली वाकणंही बंद. दादा मला रोज कळवणार आहे, तेव्हा लपवू नका.

तुमची,
मनू