पक्ष्यांच्या दाण्यापाण्यासाठी दुसरा सकोरा द्यावा: रहिवासी मंडळाचे आवाहन

सर्व रहिवासी बंधुभगिनींस सप्रेम नमस्कार.

रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) झाली की इंदुरात ऊन तापू लागते आणि आपल्या वसाहतीत गच्चीगच्चीवर पाण्याचे सकोरे, म्हणजे मातीची पसरट भांडी, दिसू लागतात. ही प्रथा वाढावी अशीच मंडळाची इच्छा आहे. मात्र सकोऱ्यात पाणी रोज भरले जाते, सकोरा घासला क्वचितच जातो, आणि ज्या भांड्याने पक्षी जगावा त्याच भांड्यातून त्याला रोग जडतो.

होले आणि पारवे यांच्या घशात ट्रायकोमोनास नावाचा एकपेशीय परजीवी राहतो. वरून धडधाकट दिसणारा पारवाही तो बाळगून असू शकतो. पाणी पिताना किंवा गिळता न आलेला दाणा टाकून देताना त्याची लाळ भांड्यात मिसळते आणि पुढच्या पक्ष्याच्या घशात पिवळसर चिकट थर धरू लागतो. दाणा समोर असूनही तो गिळता येत नाही आणि पक्षी उपाशी मरतो. ब्रिटनमध्ये ग्रीनफिंच या बागेतल्या पक्ष्यात हा रोग २००५ पासून पसरला आणि त्याची संख्या एवढी घटली की २०२१ मध्ये तेथील धोक्यातील पक्ष्यांच्या लाल यादीत त्याचे नाव घालावे लागले. विष्ठेतून पसरणारा साल्मोनेला हा जिवाणू दुसरा शत्रू असून तो माणसालाही बाधतो. पावसाळ्यात भिजलेल्या बाजरीवर धरणारी बुरशी पक्ष्यांच्या फुफ्फुसांत जाते, ते वेगळेच.

यावरचा उपाय साधा आहे. पाणी रोज बदलावे, सकोरा ब्रशने रोज घासावा, आणि निदान पंधरा दिवसांतून एकदा दाण्याची व पाण्याची सर्व भांडी साबणाने धुऊन, एक भाग घरगुती ब्लीच व नऊ भाग पाणी या मिश्रणात दहा मिनिटे बुडवून, भरपूर पाण्याने खळखळून धुवावीत आणि कडक उन्हात पूर्ण वाळवावीत. ब्लीचमध्ये संडास धुण्याचे आम्ल चुकूनही मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो. वाळवणे हा यातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, कारण हा परजीवी ओलाव्यात तग धरतो, कोरड्या जागी फार काळ जगत नाही. आणि नेमकी अडचण येथेच आहे. मातीचा सकोरा पाणी शोषतो, तो वाळायला वेळ लागतो, आणि ऐन उन्हात पक्ष्यांना तोवर तहानलेले ठेवणे कोणाच्याही जिवावर येते. म्हणून प्रत्येक घरी दोन सकोरे हवेत: एक पक्ष्यांपुढे, एक उन्हात.

यासाठी मंडळ आपल्याकडे मदत मागत आहे. ज्यांना शक्य आहे त्यांनी एक जादा सकोरा, भांडी घासण्याचा ब्रश किंवा यथाशक्ती रोख रक्कम गुढीपाडव्यापूर्वी मंडळाच्या कार्यालयात द्यावी व पावती अवश्य घ्यावी. जमलेले सकोरे प्रथम सार्वजनिक बागेत आणि देवळाच्या आवारात ठेवले जातील, कारण तेथे पारव्यांची गर्दी सर्वाधिक असते आणि भांड्यांना कोणी वाली नसतो. उरलेले, ज्या घरी एकच सकोरा आहे तेथे दिले जातील. रविवारी सकाळी तासभर ही सार्वजनिक भांडी धुण्यासाठी तरुण मंडळींची गरज आहे. पैशांपेक्षाही ही मदत आम्हांला मोलाची वाटते. २०१७ पासून सलग अनेक वर्षे स्वच्छतेत देशात पहिला क्रमांक मिळवलेल्या शहराला एवढे जड जाऊ नये.

आणखी एक विनंती. उरलेले पोहे, शेव, शिळी पोळी पक्ष्यांपुढे टाकू नये; मीठ त्यांना अपायकारक असते आणि ओले अन्न लवकर नासते. बाजरी, कण्या किंवा ज्वारी संध्याकाळपर्यंत संपेल एवढीच घालावी.

पिसे फुगवून एका जागी बसलेला, उडायला न धजणारा पक्षी भांड्याजवळ दिसल्यास दाणापाणी दोन आठवडे उचलून ठेवावे, म्हणजे पक्षी पांगतील आणि संसर्ग थांबेल. डिसेंबर २०२०च्या अखेरीस आपल्या शहरात कावळे मरून पडले होते आणि भोपाळच्या प्रयोगशाळेने बर्ड फ्लूचे निदान केले होते, हे अनेकांना आठवत असेल. तो रोग वेगळा, तरीही मेलेला पक्षी उघड्या हाताने उचलू नये. पशुपालन विभागाला किंवा नगर निगमाला कळवावे. भांडी धुण्यासाठी स्वयंपाकघरातील घासणी व सिंक वापरू नये आणि नंतर हात साबणाने धुवावेत.

रविवारच्या कामासाठी नावे कार्यालयातील वहीत नोंदवावीत.

आपली नम्र,
कार्यकारिणी, रहिवासी मंडळ, इंदूर