साइड इफेक्ट की चार हजार रुपये?

संपादक महोदय,

मी काळाचौकीला चाळीत ब्लाउज शिवते. लग्नसराईमुळे दारात बायकांची रीघ आहे, आणि मापं देता देता विषय निघतो तो लशीचा. १ फेब्रुवारी २०२४ ला अर्थमंत्री अर्थसंकल्पात नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस देण्याबद्दल बोलल्या. दुसऱ्या दिवशी एक मॉडेल याच कॅन्सरने गेल्याची बातमी आली आणि तिसऱ्या दिवशी बाई जिवंत, जागृतीसाठी म्हणून तिनेच ती उठवली होती! अर्थसंकल्पाने झाली नसती एवढी चर्चा त्या थिल्लरपणाने झाली, हे मात्र खरं.

माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन डोस, मध्ये सहा महिने. पुण्यात बनलेली लस घेतली तर एका डोसाचे दोन हजार. हा कॅन्सर ज्या विषाणूने होतो त्याच्या नऊ प्रकारांवरची परदेशी हवी तर एकाच डोसाला दहा हजारांवर. साध्या ब्लाउजची शिलाई मी अडीचशे घेते. म्हणजे पुण्याच्या लशीच्या दोन डोसांना सोळा ब्लाउज, हुक-काजांसकट. तेवढे मी शिवीन. पण तळमजल्यावर एक बाई राहते, चार घरची धुणीभांडी करते, पदरात दोन मुली. ती म्हणाली, "नको गं ताई, साइड इफेक्ट असतात म्हणे." असं म्हणणाऱ्या बऱ्याच जणी आता मला ओळखू येतात. पैसे नाहीत म्हणायला लाज वाटते, भीती वाटते म्हणायला वाटत नाही. ही पुण्याची लस दोनशे ते चारशेत मिळेल, असं २०२२ च्या सप्टेंबरात बातम्यांत होतं. ते सरकारी खरेदीसाठी असेलही, पण सरकारने ती द्यायला तर हवी.

खरी भीती असलेल्याही आहेत. एकीने मोबाइल पुढे केला, "आंध्रात सात मुली मेल्या." ती २००९-१० ची गोष्ट, तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या बडोद्याची; तिथे मुलींना ही लस देऊन एक अभ्यास चालला होता. मुली गेल्या हे खरंच. पण चौकशीत निघालं की एक बुडून गेली, एक साप चावून, कुणी कीटकनाशक पिऊन. मृत्यूंचा दोष लशीकडे आला नाही. दोष निघाला तो वेगळाच. कित्येक मुलींच्या संमतीपत्रावर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डननी सह्या केल्या होत्या. संसदेच्या समितीने २०१३ मध्ये त्यावर कडक ताशेरे ओढले. लशीवरचा विश्वास तिथे उडाला.

त्या गोंधळात २०१० साली दुसरा एक अभ्यासही मध्येच थांबला. त्यात आपल्या बार्शीच्या आणि पुण्याच्याही मुली होत्या. अनेकींना एकच डोस मिळाला होता. पुढे दहा वर्षं त्यांच्याकडे लक्ष ठेवलं, तर एका डोसानेही जवळपास तेवढंच संरक्षण दिसलं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या वयाला एक डोसही चालेल असं सांगितलं. म्हणजे सरकारचा खर्च निम्म्यावर येतो. मग अडलंय कुठे?

"आमच्या मुली तशा नाहीत," असंही ऐकते. माझी नणंदही तशी नव्हती. एकोणिसाव्या वर्षी लग्न, एकच नवरा, तीन मुलं. हा विषाणू नवऱ्याकडूनही येतो हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. अंगावरून जातंय हे ती वर्षभर बोललीच नाही. परळला टाटा हॉस्पिटलात नेलं तेव्हा उशीर झाला होता. लाइट, म्हणजे रेडिएशन, घेऊन आली की ती माझ्या मशीनशेजारी चटईवर पडून राहायची, पंखा नको म्हणायची. त्रेचाळिसाव्या वर्षी गेली. लस तिच्या उपयोगाची नव्हतीच. तिशीनंतर तपासणीच लागते, आणि लस घेतलेल्या मुलींनाही पुढे ती करावीच लागणार. याच मुंबईच्या वस्त्यांत टाटाच्या लोकांनी प्रशिक्षण दिलेल्या साध्या आरोग्यसेविकांकडून ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधलंच आम्ल, लावून बायका तपासल्या, तर या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले.

माझं मागणं एवढंच आहे. लस महापालिकेच्या दवाखान्यात आणि शाळेत फुकट द्या. संमतीचा कागद मराठीत असू दे, आठवडाभर आधी घरी येऊ दे आणि सही आई-वडिलांचीच घ्या, शाळेच्या बाईंची नको. दंड दुखेल, कुणाला चक्कर येईल, म्हणून अर्धा तास बसवून ठेवणार, हेही त्यावर लिहा.

मुलीला पहिला डोस गेल्या शनिवारी दिला. दंड दुखतो म्हणून संध्याकाळी हुक लावायला बसली नाही, टीव्ही बघत बसली. दुसरा ऑगस्टमध्ये आहे. तोवर सरकारी लस आली तर माझे आठ ब्लाउज वाचतील, आणि तळमजल्यावरच्या दोघींना घेऊन मी स्वतः रांगेत उभी राहीन.

– एक वाचक, काळाचौकी, मुंबई
(मुलीचा विषय आहे, नाव छापू नये ही विनंती.)