पेढे जरा थांबवू

नागपूर, रविवार

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

शुक्रवारी तुझा फोन आला, वकील म्हणून अशिलाला पहिला जामीन मिळवून दिल्याचा. मी एवढंच विचारलं, "पोरगा बाहेर आला का?" तू म्हणालीस, "कारकून बघतोय." मग मी गप्प झालो. ते तुला लागलं, असं आई सांगते. म्हणून लिहून राहिलो.

माझी वकिलीची सनद नवी होती तेव्हाची गोष्ट. वायरचोरीच्या केसमधला एक पोरगा, गाव सौंसरकडचं. पाच हजारांचा जातमुचलका, म्हणजे स्वतःचं हमीपत्र, आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार, असा आदेश झाला. मी सिव्हिल लाइन्समधल्या टपरीवर चौघांना तर्री पोहे खाऊ घातले आणि फाइल बांधून ठेवली. एकोणीस दिवसांनी जिल्हा कोर्टाच्या पायऱ्यांवर त्याची माय भेटली. "वकीलसाहेब, पोरगा कधी येते जी?"

तो वर्धा रोडच्या जेलमध्येच होता. मामा जामीन राहायला आला होता, तीन एकर जमिनीचा खसरा, म्हणजे तिकडचा जमिनीचा उतारा, घेऊन. पण जमीन मध्य प्रदेशातली. लोकल माणूस आणा म्हणून त्याला परत पाठवलं. आणि मी? मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य, 1978, परीक्षेत लिहून आलो होतो! गवंडीकाम करणारा माणूस, दहा हजारांचा जामीन, भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून मॅजिस्ट्रेटनं नाकारलेला. सर्वोच्च न्यायालयाचे न्या. कृष्ण अय्यर यांनी तो नकार चुकीचा ठरवला. हीच केस माझ्यापुढं उभी होती, अन् मी पोहे खात होतो.

दुसऱ्या दिवशी अर्ज दिला: जामीनदार मिळेपर्यंत रोख रक्कम भरू द्यावी. मंजूर झाला. मायनं पैसे पदराच्या गाठीतून काढले, त्यात दहाच्या नोटाच जास्त.

तेव्हा आता ऐक. तुझा अशील बाहेरगावचा मजूर आहे. पुण्यात त्याच्यासाठी घरटॅक्सची पावती किंवा ऐपतदाखला घेऊन कोण उभं राहणार? सोमवारी पहिलं काम, रोख जामिनाचा अर्ज. कोर्टाबाहेर भाड्यानं उभे राहणारे जामीनदार भेटतील. त्यांच्या वाटेला जाऊ नकोस. खोट्या कागदांपायी पोरावर दुसरा गुन्हा चढेल, आणि तुझंही नाव जाईल ते वेगळंच. सर्वोच्च न्यायालयाचे 31 जानेवारी 2023 चे निर्देश सोबत ठेव. जामीन होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर जेल अधीक्षकानं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवाला कळवायचं असतं. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही, तर कोर्ट आपणहून अट सैल करायचा विचार करू शकतं. अर्थात महिना थांबायचं कशाला? अर्ज आपला आपणच करायचा.

सुटकेचा आदेश जेलमध्ये कोण नेतो, वेळेत पोचतो का, हेही स्वतः बघ. संध्याकाळची वेळ चुकली की पोराची आणखी एक रात्र आत. कारकुनावर सोडू नकोस. माणूस चांगला असेल, पण त्याच्याकडे तुझ्यासारखे आणखी पाच वकील असतील.

युक्तिवाद छान झाला, हे तुझ्या सिनियरनी मला कळवलंय. आनंद झालाच, बोलता आलं नाही.

आई पेढे आणायला निघाली होती, मीच थांबवलं. तो गेटाबाहेर आला की फोन कर, रात्री कितीही वाजलेले असू दे.

तुझा,
बाबा