संत्या, गाडी घेतली गा!

प्रिय संत्या,
तुझी ड्युटी आणि माझी शिफ्ट जुळतच नाही म्हणून म्हटलं लिहूनच काढू. डुकाटी सुपरस्पोर्ट मोटरसायकल घेतली, सेकंडहँड, ९३७ सीसी, २०१८ ची, लाल, पुण्यातनं. पण तू सांगितलेलास तशी कमी पळालेली नाही घेतली, २६,००० पळालेली घेतली. रागवू नको, आधी ऐक.

कमी पळालेली बघितली की. मीटरवर ४,०००, चकाचक, डीलर म्हणतोय एकदम शोरूम कंडिशन. खाली बसून मोबाईलच्या बॅटरीत टायरवरचे आकडे बघितले, १२१८. म्हणजे २०१८ च्या बाराव्या आठवड्यातलं टायर, कडेला केसासारख्या बारीक भेगा. टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह (झडपा) वेळेवर हलवणारा रबरी पट्टा, कधी बदलला विचारलं तर म्हणतो, गाडी पळालीच नाही, बेल्ट कशाला बदलायचा? अरे रबर ते, उभ्या गाडीत पण म्हातारं होतंय! कंपनीचा हिशोब ३०,००० किलोमीटर नाहीतर ५ वर्षं, जे आधी येईल ते. चालत्या गाडीत बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हला ठोकतोय, मग सगळं इंजिनच खोलायचं.

माझीच्या टाकीवर चरा हाय, पण मालकानं एकूणएक बिल फायलीत लावलेलं, बेल्ट २०२३ ला बदललेला. ती फाईल बघूनच मी ॲडव्हान्स दिला.

परत येताना तवंदी घाटात जो आवाज ऐकला ना, तो लिहून सांगता येत नाही बघ. ह्या इंजिनात व्हॉल्व्ह स्प्रिंगनं बंद होत नाही, उघडायला एक रॉकर (व्हॉल्व्ह हलवणारी दांडी) आणि बंद करायला दुसरा. ८ व्हॉल्व्ह, प्रत्येकाला दोन शिम (फट नेमकी ठेवणाऱ्या बारीक चकत्या), म्हणजे १६ शिम मोजून बसवायच्या. उद्यमबागेत कारखान्यात आपण ग्राइंडिंगला मायक्रॉन धरत बसायचो, तसलंच काम!

कागदाचं राहिलंय. एमएच-१२ ची, म्हणजे पुण्याच्या आरटीओची, एनओसी (ना-हरकत दाखला) आली, आता १२ महिन्यांच्या आत केए-२२, म्हणजे आपल्या बेळगावची नंबरप्लेट करायची, इथला लाइफ टॅक्स भरायचा, मग तिकडच्या टॅक्सच्या रिफंडचा अर्ज. खर्च हाय, पण आधीच बाजूला काढून ठेवलाय.

आईनं हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि पहिलं तुझंच विचारलं. ३०,००० ला व्हॉल्व्हचं काम येतंय, ते इंजिन उघडताना मला तुझ्याबरोबरच बघायचंय. आज मीटर २६,४०० वर हाय, चोर्ला घाटात जाणं कमी केलंय. सुट्टी कधी मिळतीया ते लवकर कळव.

तुझाच,
बाळ्या