पीटीचा तास गणिताने खाल्ला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझी मुलगी नववीला आहे, मालवण तालुक्यातल्या एका हायस्कूलात. वेळापत्रकात पीटीचे आठवड्याला दोन तास लिहिलेत, पण जूनपासून दिवाळीपर्यंत खरंच किती झाले असं विचारलं तर एका हाताची बोटं संपायच्या आत तिची मोजणी संपली. पाऊस असला की मैदानात चिखल, पाऊस गेला की गणिताचा पोर्शन मागे राहिलेला, आणि वर्षाच्या शेवटी श्रेणी मात्र झाडून सगळ्यांना अ. दहावीला पण आरोग्य व शारीरिक शिक्षणाला श्रेणीच असते, टक्केवारीत काय धरत नाहीत, मग हा तास सगळ्यात आधी बळी जाणार हे ओघानं आलंच.

2020 च्या शैक्षणिक धोरणात लिहिलंय की माध्यमिकच्या मुलांना विषय निवडायची मोकळीक द्यायची आणि त्यात शारीरिक शिक्षणाचं नाव आहे. छान आहे. पण आमच्याकडे निवड म्हणजे काय, तर मुलगे क्रिकेट खेळतात आणि मुली पायरीवर बसून गप्पा मारतात. कबड्डी-खोखोची टीम असते ती आठ-दहा चपळ पोरांची, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. ज्याला स्पर्धा नको, ज्याचं वजन जास्त आहे, जिला पाळीच्या दिवसात पोटात दुखतं, त्यांच्यासाठी त्या तासाला काहीच नाही.

माझी मावसबहीण न्यू जर्सीला असते. तिकडे आरोग्य आणि व्यायाम मिळून आठवड्याला अडीच तास, बारावीपर्यंत, हे कायद्यातच आहे, आणि तिच्या मुलाला शाळेने विचारलं की योगा घेणार की वजनं उचलणार की टीमचा खेळ, त्याने योगा घेतला. (कोकणातल्या आजीचा नातू योगा शिकतोय अमेरिकेत, असो.) तिकडचं सगळं उचलून इकडे आणा असं मी म्हणत नाही, त्यांच्याकडे जिमखान्याएवढे हॉल असतात आणि आमच्याकडे वर्गाचे कौल गळतात. पण पोराला विचारायला काय पैसे पडत नाहीत ना.

आणि निवडीचा विषय म्हणून परत एक जाड पुस्तक माथी मारू नका. सीबीएसईला अकरावी-बारावीला शारीरिक शिक्षण घेता येतं, त्यात 70 मार्कांचा लेखी पेपर आणि 30 चं प्रॅक्टिकल. माझ्या भाचीने तो विषय घेतला कारण स्कोरिंग आहे म्हणे, आणि अभ्यास करून करून मान आखडली तिची.

आम्हाला इथलं काहीतरी द्या. समुद्र दारात, खाडी मागच्या परड्यात, आणि किनाऱ्यावरून मासळीची जाळी ओढणाऱ्या रापणीवाल्यांची पोरं सोडली तर वर्गातल्या निम्म्या मुलांना पोहायला येत नाही. दर उन्हाळ्यात कोणीतरी बुडाल्याची बातमी तुमच्याच पेपरात असते. तारकर्लीला स्कूबा डायव्हिंग शिकवणारी एमटीडीसीची, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाची, संस्था आहे, लांबून लोक येऊन शिकून जातात, आमच्या गावच्या पोरांना मात्र बुडणाऱ्याला बाहेर काढल्यावर काय करायचं ते माहीत नसतं. छातीवर मिनिटाला 100 ते 120 वेळा दाबायचं, 30 दाब आणि 2 श्वास, हे नववीच्या पोराला एका दुपारी शिकवता येईल. पावसाळ्यात मैदान बंद असतं तेव्हा हेच शिकवा, व्हरांड्यात सूर्यनमस्कार होतात, दोरीच्या उड्या होतात. मुलींना पाळी आणि रक्ताबद्दल मोकळेपणाने सांगा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे देशात 15 ते 19 वयाच्या शंभरातल्या 59 मुलींना अॅनिमिया होता, शाळेत लोहाच्या निळ्या गोळ्या वाटतात, त्या कितीजणी गटारात टाकतात ते आम्हा आयांना विचारा.

पण शिकवणार कोण, खरी गोची इथे आहे. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी पटसंख्या 100 च्या वर असली तरच आरोग्य-शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिक्षक, मिळतो. कोकणात गावंच्या गावं मुंबईला गेलीत, शंभर मुलं आणायची कुठून? चार-पाच शाळा मिळून एक फिरता शिक्षक द्या, सोमवारी इकडे मंगळवारी तिकडे, आणि त्याच्या तासाला गणिताच्या सरांनी हात लावायचा नाही एवढं लेखी द्या.

मुलीला विचारलं, समजा तुमच्याकडे निवडायला दिलं तर काय घेशील. म्हणाली पोहणं. मग जरा थांबून म्हणाली, पण शिकवायला मॅडम असल्या तर.

आपली,
एक पालक, मालवण तालुका