बारा वाजले की माघारी

वाई,
२४ नोव्हेंबर

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

तुम्हा पाच जणांचा रविवारी कमळगड चढायचा बेत दादाच्या मोबाईलवर वाचला. उत्तरही त्यावरच लिहायला घेतलं होतं, पण दोन ओळींतच अंगठा दुखायला लागला. म्हणून वहीत लिहितोय. दादा पानांचे फोटो काढून पाठवील. शेवटचं पान त्याला उलटं करून दिलंय, ते तुझ्यापुरतंच आहे.

बेत चांगला आहे. खोट एकच, ती वेळेची. पुण्यातून सहाला निघणार, वाईत मिसळ खाणार, मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि घाटावरची घंटा बघणार, मग पायथ्याचं नांदगणे गाव, आणि "अकरापर्यंत चढायला लागू". अगं, वर कधी पोचणार ते सगळं लिहिलंस, खाली कधी येणार ते कुठंच नाही. २८ वर्षं एसटी चालवली मी. परतीची फेरी न धरता वेळापत्रक लावणारा कंट्रोलर अजून बघितला नाही.

आणि "मध्यम ट्रेक आहे, सगळ्यांना जमेल" हे कुणी सांगितलं? मध्यम म्हणजे कुणाला मध्यम? वाई समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास, गड तेराशेच्या पुढं. नांदगण्याचा पायथा वाईपेक्षा थोडा वर धरला तरी पाचशे-साडेपाचशे मीटर अंगावरचा चढ राहतोच. तीन मीटरचा एक मजला धर, म्हणजे पावणेदोनशे मजले जिन्यानं. तुझी ती ऑफिसातली मैत्रीण दुसऱ्या मजल्यालासुद्धा लिफ्टनं जाते, असं तूच हसत सांगत होतीस. सरावाचा गडी सपाटीला तासाला चारपाच किलोमीटर जातो, आणि दर सहाशे मीटर चढाला एक तास वेगळा धरायचा, असा डोंगरात फिरणाऱ्यांचा ढोबळ हिशोब आहे. त्यात तुमचे फोटो, पाणी, बुटाची नाडी आणि ती मैत्रीण घाल. अडीच-तीन तासांच्या आत पाचही जणं माथ्यावर आली, तर परत आल्यावर मला सांग, मी पेढे वाटीन.

म्हणून असं कर. शनिवारी रात्रीच सगळी इकडं मुक्कामाला या. माडी मोकळीच आहे. पहाटे पाचला उठवायचं काम माझं. साडेपाचला निघालात तर उजाडता उजाडता नांदगण्यात पोचाल. गाडी गावात, कुणाच्या दारात, विचारून लावायची. कुठं चाललोय, किती जण आहोत, कधी परतणार, हे त्याच घरात सांगून जायचं. मी जोर गावच्या गाडीवर असताना त्या बाजूची माणसं ओळखीची झाली होती. एक शब्द टाकून गेलात तर संध्याकाळी तीच तुमची वाट बघत बसतील.

पहिला टप्पा गोरखनाथाच्या मंदिरापर्यंत. तो झाडीतला आहे, सकाळच्या गारव्यात बरा जातो. मंदिराशी दहा मिनिटं बसा, जास्त नको, अंग गार पडलं की पुढचा चढ दुप्पट वाटतो. तिथून वर रान, मग मोकळं पठार. पठारावर धनगरांची घरं लागतात. वाट नीट विचारून घ्यायची ती इथंच. मोबाईलमधला नकाशा घरूनच उतरवून ठेव, रेंजच्या भरवशावर राहू नकोस. पण रानात गुरांनी पाडलेल्या वाटा खऱ्या वाटेपेक्षा जास्त मळलेल्या असतात आणि नकाशात त्या नसतात.

गडावर दरवाजा, बुरूज शोधत बसू नका, तसं काही नाही. १८१८ साली इंग्रजांनी घेतला, त्यानंतर त्याला कोण विचारतंय. बघण्यासारखी आहे ती कावेची, म्हणजे गेरूची, विहीर. विहीर म्हणायचं, पण ती कातळाला पडलेल्या भेगेसारखी सरळ खाली गेलीय. पायऱ्या उतरत जावं तसं वरचं ऊन तुटतं, आणि दोन्ही बाजूंच्या भिंती तांबड्यालाल होतात. हात लावला की हात तांबडा. माझ्या एका सदऱ्यावरचा डाग तुझ्या आईनं चार धुण्यांत काढायचा प्रयत्न केला, तो अजून आहे. पायऱ्या निसरड्या असतात, एकेक करून उतरा. आणि विहीर आहे म्हणजे पाणी मिळेल, हा हिशोब मनातही आणू नकोस. माणशी तीन लिटर पाणी खालून पाठीवर. त्यातलं एक लिटर उतारासाठी, वर असताना त्याचं झाकण उघडायचं नाही.

माथ्यावरून धोम धरणाचं पाणी दिसतं, पाचगणी समोर, पाठीमागं केंजळगड आणि रायरेश्वर. हवा स्वच्छ असली तर तास कुठं गेला कळत नाही. माणूस फसतो तो तिथंच.

म्हणून आता मुख्य गोष्ट. बारा वाजले की जिथं असाल तिथून माघारी फिरायचं. माथा दहा मिनिटांवर असला तरी. हे आत्ता, घरी बसून ठरवायचं. वर गेल्यावर ठरवू म्हणणाऱ्याला वर गेल्यावर कधीच बारा वाजत नाहीत. आणि घड्याळ तुझ्या हातात नको. तू पुढं धावणारी. गाडी ड्रायव्हर चालवतो, पण बेल कंडक्टरच्या हातात असते, ते काही उगीच नाही. तुमच्यात सगळ्यात हळू जी चालेल, त्या लिफ्टवाल्या मैत्रिणीला कंडक्टर करा. तिनं सिंगल बेल दिली की थांबायचं, डबल दिली की निघायचं. ती मधे चालेल, मागं नाही.

उताराला घाई नको. पसरणी घाटात नव्या ड्रायव्हरला मी पहिलं हेच सांगायचो, ज्या गियरमध्ये चढलास त्याच गियरमध्ये उतर. न्यूट्रल मारून पळवली की ब्रेक जळतात. माणसाचे गुडघे म्हणजे ब्रेकच. या दिवसांत गवत वाळलेलं, त्याखाली मुरूम, पाय सरकतो. पावलं छोटी टाका. हातात कारवीची काठी असू दे, पण ती पडलेली उचल, उभी मोडू नकोस.

बाकीचं पटापट लिहितो. बूट जुने, पायात बसलेले. पूर्ण बाह्या, पूर्ण विजार. अत्तर, स्प्रे काही नको, कड्याला आग्यामोहोळं असतात, वासानं आणि धुरानं ती उठतात. विडी-काडी, शेकोटी बंद, वाळल्या गवताला एक ठिणगी पुरते. मीठ-साखरेची पाकिटं, चिकटपट्टी, प्रत्येकाला वेगळी बॅटरी. उजेडात परतणार असलात तरी बॅटरी हवीच. अडचण आली आणि रेंज असली तर ११२. मिसळ आणि मेणवली दोन्ही उतरल्यावर. दुपारी तीनला भूक लागलेल्या माणसाला मिसळ काय लागते ते बघच.

(इथून पुढचं पान तुझ्यापुरतं.)

तू चौथीत होतीस. आम्ही डेपोतले चौघं एक वाजता चढायला लागलो, सकाळची ड्यूटी उरकून. माथ्यावर सव्वाचार. खाली विहिरीत उतरलो, गप्पा झाल्या. पठार ओलांडेतो सूर्य टेकला. सहाला मावळतो म्हणतात, पण रानात त्याआधीच काळोख होतो. चौघांत एक बॅटरी, तिचेही सेल गेलेले. गुरांच्या वाटेला लागलो आणि डोक्याएवढ्या कारवीत शिरलो. पुढं जावं तर कडा आहे का कळेना, मागं यावं तर वाट सापडेना. तासभर बसून राहिलो. शेवटी कुत्रं भुंकलं, त्या आवाजाकडं हाका मारल्या. एक म्हातारा धनगर कंदील घेऊन आला, काही न बोलता आम्हाला मंदिरापर्यंत आणून सोडलं. आम्ही पैसे देऊ केले, ते त्यानं बघितलेसुद्धा नाहीत.

घरी आलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. आई अंगणात उभी होती. तिला सांगितलं, गाडी फेल झाली.

दुसऱ्या दिवशी सव्वापाचची ड्यूटी होती. रात्री झोप लागली नव्हती, पाय थरथरत होते, आणि मागं गाडीभर माणसं. घाटात एका वळणावर डोळा लागला. किती वेळ, ते माहीत नाही. कंडक्टरनं बेल मारली, कुणी उतरायचं होतं म्हणून, त्या आवाजानं जागा झालो. त्याला अजून वाटतं त्यानं नुसती बेल मारली.

हे आईला सांगू नकोस. तिला अजून गाडी फेलच माहीत आहे, आणि मी रिटायर झालोय म्हणजे आता काय, असं म्हणून ती सोडायची नाही.

भाकऱ्या किती ते शुक्रवारपर्यंत कळव. ती माणशी तीन म्हणते, मी म्हणतो चार. ठेचा तुझ्या मित्रांना सोसतो का तेही विचार, नाहीतर शेंगदाण्याची चटणी वेगळी करायला सांगतो.

तुझे
आप्पा

ता. क. : त्या माडीवरच्या बॅटरीत मी काल नवे सेल घातलेत. तीही घेऊन जा.