बेडकाचे हाड आणि सरव्याची घंटा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत इंग्लंडच्या ग्रामीण चालीरीतींवर आलेला लेख मी आवडीने वाचला. मात्र घोडा काबूत ठेवण्यासाठी बेडकाचे हाड खिशात बाळगणाऱ्या सफोक परगण्यातील गड्यांची त्यात ‘भोळीभाबडी माणसे’ अशा दोन शब्दांत बोळवण केली आहे, ती मला पटली नाही, म्हणून हे पत्र.

ट्रॅक्टर येण्यापूर्वी पूर्व इंग्लंडातील नांगरट, पेरणी आणि मालाची ने-आण घोड्यांवर चाले, आणि ते घोडे सांभाळणाऱ्या गड्याला शेतावर मोठा मान असे. हाडाचा विधी असा : बेडूक मारून मुंग्यांच्या वारुळावर ठेवायचा, मुंग्यांनी हाडे साफ केली की ती मध्यरात्री वाहत्या ओढ्यात सोडायची, आणि जे हाड प्रवाहाच्या उलट सरकेल ते उचलून जपून ठेवायचे. हे वाचून हसू येणे साहजिक आहे. पण सफोकमधील वृद्धांच्या आठवणी टिपणारे लेखक जॉर्ज इवार्ट इव्हान्स यांनी हसण्याऐवजी त्या म्हाताऱ्या गड्यांना पुढचा प्रश्न विचारला, की हाड मिळाल्यावर तुम्ही त्याला काय लावत होता? तेव्हा हळूहळू उलगडले ते असे, की खरी करामत वासाची होती. घोड्याचे नाक अतिशय तीक्ष्ण. ससा किंवा त्यासारख्या प्राण्याचे वाळवून कुटलेले काळीज दाराच्या चौकटीला चोळले, की घोडा तेथून पाऊल पुढे टाकत नसे. उलट रोझमेरी, दालचिनी, बडीशेप यांसारख्या सुवासिक तेलांचा हात लावला, की तोच घोडा आपण होऊन जवळ येई. ही माहिती म्हणजे गड्याची रोजीरोटी होती, ती शेजारच्या गड्यालाही कळता कामा नये. थोडक्यात, हाड दाखवायचे आणि तेल लपवायचे. विधीवर त्या माणसांचा विश्वास मुळीच नव्हता असे मी म्हणणार नाही, पण त्यांना भोळे म्हणणे हे त्यांच्या गुपिताला आजही फसण्यासारखे आहे.

इव्हान्स स्वतः इंग्रज नव्हते. दक्षिण वेल्समधील कोळसा खाणींच्या गावात, एका दुकानदाराच्या घरी 1909 साली त्यांचा जन्म झाला. पत्नीला ब्लॅक्सहॉल या सफोकमधील खेड्याच्या शाळेत नोकरी मिळाल्यामुळे 1948 साली हे कुटुंब तेथे गेले. इव्हान्स यांना ऐकू कमी येत असे, आणि तरीही त्यांनी निवडले ते ऐकण्याचेच काम! शेजारचे वृद्ध मेंढपाळ आणि शेतमजूर यांच्याशी झालेल्या बोलण्यातून त्यांचे पहिले प्रसिद्ध पुस्तक 1956 मध्ये निघाले. त्यांचे प्रश्न ‘जुने दिवस कसे होते’ असे मोघम नसत. कात्रीला धार कशी लावायची, पाव किती दिवसांनी भाजायचा, सुगीचा ठराव मालकाशी कोण करायचे, असे ते नेमके असत. सुगीचा ठराव करणारा कापणीवाल्यांचा म्होरक्या ‘लॉर्ड’ म्हणवला जाई आणि त्याच्या मागचा दुसरा गडी, अंगाने कितीही दांडगा असला तरी, ‘लेडी’! या माणसांच्या तोंडी असलेले कित्येक शब्द सोळाव्या शतकात शेतीवर पद्ये रचणाऱ्या थॉमस टसर यांच्या लेखनात सापडतात, हेही इव्हान्स यांनीच दाखवून दिले. ट्रॅक्टरवर बसणाऱ्या नातवांना मात्र त्यातले बरेच शब्द परके झाले होते.

आपल्या लेखात सरव्याचा उल्लेख राहून गेला, याची रुखरुख वाटते. कापणीनंतर शेतात पडलेली कणसे बायका आणि मुले वेचून नेत. कित्येक घरांच्या हिवाळ्यातल्या पिठाची बेगमी त्यावर होई. सफोकमधीलच टिमवर्थ गावच्या एका खटल्यात 1788 साली न्यायालयाने निकाल दिला, की सरवा वेचण्याचा असा कोणताही हक्क कायद्याने नाही. दप्तर पाहणारा अभ्यासक तेथेच थांबेल. पण गावकऱ्यांच्या आठवणी सांगतात, की त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे लोक सरवा वेचत राहिले; सकाळी घंटा वाजली की सुरुवात, संध्याकाळी वाजली की बंद, आणि मालकाने शेतात एक पेंढी उभी ठेवली असेल तर त्या शेतात पाय टाकायचा नाही. त्या पेंढीला गावात ‘पोलीस’ म्हणत. निकालपत्रात ही पेंढी कोठून येणार?

एक गोष्ट आपल्या इकडची. मुंबईच्या गव्हर्नरची कन्या मेरी फ्रिअर हिने दख्खनच्या दौऱ्यात आपल्या सेवेतील आयेकडून, म्हणजे ॲना लिबरेटा डिसोझा हिच्याकडून, ऐकलेल्या कथा 1868 साली लंडनमध्ये छापल्या आणि त्यांच्या आधी त्या बाईची जीवनकहाणी तिच्याच शब्दांत दिली. तिच्या आजोबांचे लिंगायत कुटुंब कालिकतहून गोव्याजवळ येऊन राहिले, येथपासून ती सुरू होते. ब्लॅक्सहॉलच्या मेंढपाळाचे बोलणे पुस्तकात यायला त्यानंतर 88 वर्षे जावी लागली. आणि ज्या शब्दाखाली हे सारे मोडते तो ‘फोकलोर’ (लोकपरंपरा) शब्द तर विल्यम थॉम्स यांनी 1846 साली ‘अथेनियम’ या लंडनच्या साप्ताहिकाला टोपणनावाने लिहिलेल्या पत्रातच प्रथम वापरला होता, हे संपादक महाशयांना आवडावे.

लेखाच्या पुढील भागात घरधन्याच्या मृत्यूची वार्ता मधमाश्यांना सांगण्याच्या प्रथेविषयी येणार असल्याचे आपण कळवले आहे. घराच्या किल्लीने मधपेटीवर टकटक करून, तिला काळे फडके बांधून ही वार्ता सांगत, आणि ती न सांगितल्यास माश्या मरतात किंवा निघून जातात असे मानत. त्या भागात धन्याच्या पश्चात पेट्यांची निगा कोण राखत असे, एवढा प्रश्न लेखकांनी अवश्य घ्यावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त कृषी अधिकारी, सातारा